घनमीटरचे शंभर लिटर

आमचे हे, चिन्तेमिर, जिल्ह्याला महिनाभर पशुपालनाचं शिबिर करून आले, तेव्हापासून घरात शहाणपण नुसतं उतू चाललंय. प्रमाणपत्र भिंतीवर, तिथे शोभेला लावलेल्या गालिच्याच्याही वर टांगलंय. खिशाला पेन. लिहायचं काय, तर काही नाही.

आमच्या ऐंशीच्या ऐंशी मेंढ्यांना खरूज झाली होती. त्यांना औषधाच्या पाण्यात बुचकळून बरं केल्याशिवाय वरच्या कुरणात पाय ठेवू देणार नाही, असं गावाने बजावलं होतं. कुरण नाही म्हणजे उन्हाळाभर त्यांनी खायचं काय, माझं डोकं?

डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, लिटरभर पाण्याला एक मिली औषध. हौद दोन मीटर लांब, एक रुंद, एक खोल.

"म्हणजे दोन घनमीटर," हे म्हणाले. "मीटरात सेंटीमीटर शंभर, तसे घनमीटरात लिटर शंभर. पाणी दोनशे लिटर. औषध दोनशे मिली. एक पेला."

गेल्या वर्षीही पेलाच ओतला होता. खरूज हलली नाही, तर म्हणे औषधच बनावट. अडाणी माणूस परवडला, त्याला निदान विचारायची लाज वाटत नाही. यंदा तर दोन लिटरच्या कॅनमधून पेलाभर काढून बाकीचा कॅन चुलतभावाला देऊनही टाकला. तो तोक्तोसुन कॅन मांडीवर घेऊन घोड्यावर बसला होता, आता निघणारच.

"अहो, घनमीटरात हजार लिटर असतात," मी म्हटलं. "गेल्या वर्षी हौद मी भरलाय. बारा लिटरची बादली, एकशे सदुसष्ट खेपा. तुमच्या दोनशे लिटरला सतरा पुरतात."

"मोजायला चुकली असशील. शिबिर तू केलंस की मी?"

"तुम्ही. मग सतराच तर खेपा आहेत, तुम्हीच भरा. भाऊजी, थांबा जरा."

भावासमोर नाही कसं म्हणणार? उचलली बादली. ओढ्यापासून हौदापर्यंत चढ आहे, तो शिबिरात शिकवला नसावा. पाचव्या खेपेला जाड लोकरी नमद्याची टोपी उतरली, अकराव्या खेपेला कोट. मी दारात बसून चहा प्यायले.

"वहिनी, दादाला जरा हात..." तोक्तोसुन म्हणाला.

"नको हो. मोजायला चुकते मी."

सतरावी बादली ओतून हे हौदात वाकून बघत राहिले. मेंढीचा गुडघासुद्धा भिजला नसता.

"हौद गळतोय," हे म्हणाले.

तोक्तोसुन घोड्यावरून उतरला. हौदाभोवती एक चक्कर मारली, कोरड्या मातीवर बूट घासून पाहिला आणि कॅन आणून माझ्या पायाशी ठेवला.

यांनी माझ्याकडे न बघताच बादली उचलली. "किती झाल्या?"

"सतरा," मी म्हटलं. "अजून दीडशे."