काय करून देऊ?

"आज तुमच्यासाठी काय करून देऊ?" ताई सहज बोलून गेली आणि कप्तानच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला.

जेवणाच्या खोलीतले बाकीचे चमचेही थांबले. ताईने जीभ चावली, पण शब्द सुटले होते.

"मला?" कप्तान म्हणाला. "मला का विचारतेस?"

"अहो, वाढदिवस ना तुमचा! म्हटलं काहीतरी वेगळं..."

"डॉक्टर काय म्हणाला? खरं सांग. मी घाबरत नाही."

"कोणी काही म्हणालं नाही हो. देवाशपथ."

"मग सगळ्यांना वाढतेस तेच वाढ ना मुकाट्याने! उकडलेला बटाटा असेल तर उकडलेला बटाटा दे! मी कधी तक्रार केली?"

तो रोज तक्रार करायचा. पण त्या दिवशी त्याने बटाटा बाजूला सारला, खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशीही उठला नाही. शेवटी डॉक्टरने नखशिखांत तपासून, या माणसाला काहीही झालेलं नाही, असं सगळ्यांसमोर मोठ्याने जाहीर केलं, तेव्हा कुठे कप्तान उठून बसला आणि बटाटा कच्चा असल्याची तक्रार करू लागला.

कप्तान कधीच कप्तान नव्हता. बंदरात लागलेल्या जहाजांना तो रंग द्यायचा. त्या वृद्धाश्रमात सगळे असेच होते: जहाजांवर आयुष्य काढलेले, जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत जन्मलेले आणि परत जायचं राहून गेलेले. कोणाचं गाव उरलं नव्हतं, कोणाच्या गावात कोणी उरलं नव्हतं, आणि कोणाला नक्की कुठे जायचं तेच आठवत नव्हतं. इथली भाषा ते भांडण्यापुरती शिकले होते आणि तेवढ्यावर त्यांचं उत्तम चालायचं.

ताई तिथली आचारी. ती नोकरीला लागली तेव्हा आश्रमात एक चांगली पद्धत होती. डॉक्टरने एखाद्याच्या छातीवरून नळी काढून ती सावकाश, फारच सावकाश गुंडाळली की नर्स स्वयंपाकघरात यायची आणि म्हणायची, "ताई, त्यांना तेवढं विचारून घ्या." मग ताई हात पुसून त्याच्या खोलीत जायची, पलंगाजवळ स्टूल ओढायची आणि विचारायची, "काय करून देऊ?" मागेल ते मिळायचं. सुरुवातीची काही वर्षं लोकांना हा आश्रमाचा चांगुलपणा वाटला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ज्याला ज्याला विचारतात तो तो जातो. तेव्हापासून त्या इमारतीत कोणी कोणाला काही विचारेनासं झालं. नव्या नर्सने एकदा "चहा घेणार का?" असं विचारलं, तर एक म्हातारा रडायला लागला. आता सगळे "चहा आणलाय" असंच सांगतात.

पण विचारल्यावर मागितलं नाही असा मात्र एकही निघाला नाही.

आठ महिने बर्फाखाली असणाऱ्या देशातल्या एकाने बिटाचं आंबट सूप मागितलं, ओठ रंगतील इतकं लाल, वर दाट सायीचा गोळा. एकाला मक्याचं पीठ मक्याच्याच सालीत गुंडाळून वाफवलेलं हवं होतं. एकाला काळ्या घेवड्यात शिजवलेले डुकराचे कान, त्यासाठी ताई खाटकाच्या दुकानात उभी राहिली, तेव्हा खाटकाने तिच्या कानांकडे पाहिलं होतं. एकाला पिठाच्या पारीत मांस भरून वाफवलेले मोदक हवे होते, आणि त्याच्या आईच्या चुण्या डावीकडे वळायच्या. त्याने त्या पलंगावर पडल्यापडल्या हवेत बोटं दुमडून दाखवल्या. एकाला जाळीदार, मऊ, स्पंजासारखी आंबवलेली पोळी हवी होती. ताई म्हणाली, "पीठ आंबायला काही दिवस लागतील हो." तो म्हणाला, "थांबतो." आणि थांबला.

ताट समोर आलं की माणूस एक घास घ्यायचा, डोळे मिटायचा. ताई त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभी राहायची. मग डोळे उघडायचे आणि तो म्हणायचा, "जवळपास."

"आंबट कमी झालं का?"

"नाही गं. छान आहे. जवळपास तेच."

इतक्या वर्षांत "हेच" असं कोणी म्हणालं नाही. मरताना माणसं खरं बोलतात म्हणतात; स्वयंपाकाच्या बाबतीत तरी बोलतात, एवढं ताई छातीठोकपणे सांगू शकली असती. उरलेलं ताट टाकवत नसे, म्हणून ते ती स्वतः खायची. तिच्या जिभेवर इतक्या मेलेल्या माणसांच्या आया येऊन बसल्या होत्या की तिथे तिला स्वतःला टेकायला जागा नव्हती.

शिवाय ते वास परत यायचे. खिडक्या बंद असल्या की दुपारच्या वेळी खोल्यांमधल्या बोळात आंबलेल्या पिठाचा वास सुटायचा, ओट्यावर मात्र फक्त बटाटे. "पोळीवाला आलाय वाटतं," कप्तान म्हणायचा आणि भिंतीला चिकटून, वाट देत चालायचा. नर्स फिनेल टाकायची. मग फिनेलचा आणि पोळीचा असे दोन्ही वास यायचे.

मॅनेजरला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने देणगीदारांसाठी दारात एक मोठा फलक लावला होता, 'एका छताखाली जगाची चव', आणि त्यात ताईच्या ताटांचे फोटो. बिटाचं सूप, मोदक, मक्याची पानं, सगळं रंगीत. प्रत्येक ताटातला एकच घास कमी का, असं एकाही पाहुण्याने विचारलं नाही.

कप्तानच्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांनी नर्स स्वयंपाकघरात आली. धुतलेला कप पुन्हा धुवू लागली.

"कोणाला?" ताईने विचारलं.

"ताई, तुम्हाला माहीत आहे."

"नुसता खोकला आहे त्याला. दरवर्षी होतो."

"मी विचारू का?"

"नको," ताई म्हणाली.

शेवटच्या खोलीत तिचा दादा होता. तो जहाजाच्या इंजिनाचं तेलपाणी बघायचा. गुडघे गेल्यावर ताईच्या घराचे जिने त्याला चढवेनात, म्हणून तिने मॅनेजरच्या मागे लागून त्याला इथे आणलं होतं. तिच्या माहेरचा तो एकटाच उरला होता. तसं माहेर त्या दोघांचंच होतं. ती अगदी लहान असताना आई गेली, वडील कामावरून कधी यायचे कधी नाही, आणि दादाने तिला वाढवलं. वाढवलं म्हणजे काय, तोही तिच्यापेक्षा फार मोठा नव्हता.

ती चहा घेऊन गेली. "चहा आणलाय," म्हणाली आणि स्टूल ओढलं.

दादाने स्टुलाकडे पाहिलं. "का गं, बसतेस?"

"पाय दुखतायत."

"तुझे पाय दुखतात तेव्हा तू जास्त चालतेस. बसत नाहीस."

"आज बसले. त्याचं काय एवढं!"

"खोटं बोलायला कधी जमलंच नाही तुला," दादा म्हणाला. "विचार की. कप्तानला जेवणाच्या खोलीत, चारचौघांत विचारतेस आणि सख्ख्या भावाला लाजतेस होय?"

ताईने चहा ढवळला. त्यात साखर नव्हतीच.

"काय करून देऊ, दादा?"

त्याने विचार केला नाही. बहुधा आधीच करून ठेवला होता. "आईचं कांद्याचं पाणी."

ताई उठली तेव्हा, खरं सांगायचं तर, तिला आनंद झाला होता, आणि त्याची लाजही वाटली. हा पदार्थ तिला कोणी हवेत बोटं फिरवून समजावून द्यायचा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, जी चव मागितली ती तिच्या स्वतःच्या तोंडात होती. कांदा, तेल, पाणी, मीठ, वर शिळ्या पावाचे तुकडे. गरिबाघरी कुठेही होतं ते. पण आईच्या पाण्याला एक कडवट, धुरकट चव होती. घरात झाकून ठेवलेलं ते पातेलं, वाडग्यातला पाव, आणि दादाचा आवाज: "आई करून ठेवून गेलीय. खा." जगातल्या कोणाच्याही आईचं बिघडलं असेल, आपल्या आईचं बिघडणार नाही, असं ती मनाशी म्हणाली. निदान एकदा तरी "हेच".

तिने कांदा जाडसर चिरला. तेलात टाकला, सोनेरी झाला, तरी ढवळला नाही. कडा काळ्या झाल्या, मग मधलाही काळवंडला. धूर निघाला. नर्स धावत आली. "ताई, करपतंय!"

"करपायलाच हवं," ताई म्हणाली आणि पाणी ओतलं.

दादाने चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. ताईने स्टुलाची कड धरली.

डोळे उघडले. "धाकटे, हे जळलंय."

"मग? असंच असायचं ना!"

"आईचं कुठे जळायचं? आईचं सोनेरी असायचं. गोडसर. ती कांदा मंद आचेवर ठेवून धुणं धुऊन यायची." त्याने पुन्हा एक चमचा घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग एकदम थांबला. "अगं, हे माझं आहे."

"तुझं म्हणजे?"

"मी करायचो. मला पातेल्यात दिसायचं नाही गं. चुलीच्या काठाला माझं नाक लागायचं. नुसतं ऐकायचो. चुरचुर थांबली की झाला कांदा, असं वाटायचं. चुरचुर थांबेपर्यंत कोळसा व्हायचा."

"तू म्हणायचास आई करून ठेवून गेलीय."

"मग काय म्हणणार? दार बघत बसायचीस. जेवायची नाहीस. मी म्हटलं, तू झोपली होतीस तेव्हा येऊन गेली, तुला उठवलं नाही. मग जेवलीस."

ताईने वाडग्याकडे पाहिलं. ती झोपेत असताना कोणीतरी घरात येतं, चूल पेटवतं, तिच्याकडे बघतं आणि जातं, हे तिने इतकं पक्कं धरलं होतं की मोठी झाल्यावर, सगळं कळल्यावरही, ते तिने तपासून पाहिलं नव्हतं. आंबलेल्या पिठाचा वास येतो म्हणून बाकीचे भिंतीला चिकटायचे. तिला कधी भीती वाटली नव्हती. मेलेली माणसं स्वयंपाक करून जातात यात तिला नवल नव्हतं.

"किती दिवस सांगितलंस असं?"

"तू दाराकडे बघणं सोडलंस तोपर्यंत."

म्हणजे आईच्या हातचं असं तिच्या जिभेवर काहीच नव्हतं. एवढ्या आया बसल्या होत्या, त्यात तिच्या आईची जागा रिकामी.

"सोनेरी करून आणते," ती उठत म्हणाली. "आत्ता आणते. मंद आचेवर."

"बस खाली. तू कशी करशील? तुला ठाऊकच नाही." तो हसला, हसताना खोकला, खोकला थांबायला वेळ लागला. मग त्याने वाडगा तिच्याकडे सरकवला आणि तिच्याच सुरात, मान तशीच तिरकी करून, विचारलं, "बोल धाकटे, तुला काय करून देऊ?"

ताईच्या अंगावर सरसरून काटा आला.

"घाबरलीस!" दादा खूश झाला. "सगळ्या जगाला विचारत फिरतेस. तुला कधी कोणी विचारलंय?"

नवऱ्याने नव्हतं विचारलं. तो चांगला होता, पण समोर येईल ते जेवायचा आणि तीही जेवत असेल असं समजायचा. मुलांनी नव्हतं. तिनेही स्वतःला नव्हतं. आता विचारलं गेलंच होतं, तर ती शोधू लागली. बिटाचं आंबट आलं, मक्याची वाफ आली, डाव्या चुण्या आल्या. सगळ्यांचं सगळं आलं. दादा वाट बघत होता, पाहुण्यासारखा नीट बसून.

तिने वाडगा उचलला. पाव भिजून फुगला होता. तिने एक घास घेतला, डोळे मिटले.

"हेच," ती म्हणाली.

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मग नाक ओढून म्हणाला, "मीठ कमी आहे पण."

तिने सगळा वाडगा संपवला. त्या आठवड्यातच तो गेला. सकाळी, चहाच्या आधी. नर्सने खोलीतून बाहेर येऊन फक्त मान हलवली, आणि ताईने त्या दिवशीचे बटाटे उकडले, कारण बाकीच्यांना जेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पडले असताना तिने छोटं पातेलं काढलं. कांदा चिरला. जाडसर. बोळातून पावलं वाजली आणि दारात कप्तान येऊन उभा राहिला. नाक वर करून त्याने हवेचा अंदाज घेतला.

"आज कोणाला विचारलंस?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "कोणाचं हे?"

"माझं."

कप्तानने टोपी काढली. तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तब्येत बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

"मला सांग हं. मी कोणाला बोलणार नाही."

"जा, पडा जरा. संध्याकाळी बटाटा आहे."

तो गेला, पण टोपी त्याने हातातच ठेवली होती.

ताईने कांदा तेलात टाकला. चुरचुर सुरू झाली. तिने ओट्याला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, दुखत होता तोही. पातेल्याचा काठ तिच्या डोळ्यांच्या वर गेला. आत काय चाललंय ते आता दिसत नव्हतं. नाक ओट्याला लावून ती ऐकत राहिली, चुरचुर थांबायची वाट बघत.