लाल दोऱ्याची रजई

मी एक रजई. पोटात तेल्हाऱ्याचा कापूस, वरून जांभळ्या फुलांचं कापड, आणि सध्या मुक्काम स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत. इतक्या लांब मी कशी आले, ते सांगते. माझ्या आयुष्यात तक्रारी थोड्या आहेत आणि आभार पुष्कळ.

माझा जन्म अमरावतीचा. वलगाव रोडवर गयासुद्दीन यांचं गादी-रजईचं दुकान आहे. तिथे कापूस पिंजण्याचं मशीन सुरू झालं की हवेत बारीक तंतू उडतात, त्यामुळे गयासुद्दीन यांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या दिसतात. आंघोळ केली की माझा नवरा दहा वर्षांनी लहान होतो, असं त्यांची बायको नसीमबानो सांगते. घरात ही माणसं उर्दू बोलतात आणि दुकानात बहुतेक वऱ्हाडी. दुकानात वाढल्यामुळे मला दोन्ही समजतं.

बाकीच्या रजया गिऱ्हाइकांसाठी होत्या. मला मात्र त्यांनी लेकीसाठी भरलं. कहकशाँ तिचं नाव. अकोल्याच्या नईमशी तिचं लग्न झालं होतं आणि तो ग्लासगोत बस चालवत होता. आता तीही तिकडे निघाली होती.

कहकशाँला शाळेत असल्यापासून फिट येत असे. रोज दोन वेळा गोळी घेतली की सगळं ठीक असायचं. गोळीत गडबड झाली की धोका. ही गोष्ट गयासुद्दीन यांनी कधी लपवली नाही. लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा ते स्वतः अकोल्याला गेले आणि नईमच्या वडिलांसमोर बसून सगळं सांगून आले. त्या घराने त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, गोळीच घ्यायची आहे ना, मग घेईल. येताना गयासुद्दीन बसमध्ये रडले, असं नसीमबानो सांगते. ते म्हणतात, डोळ्यांत कापूस गेला होता.

आता काळजी वेगळीच होती. आमच्या गल्लीत परदेश हा एकच देश आहे. दुबई, अमेरिका, लंडन, सगळं त्यातच येतं. शेजारच्या कापड दुकानातल्या खुशालरावांचा मुलगा अमेरिकेत आहे. तिकडे औषधाच्या दुकानाचं बिल बघूनच माणूस आडवा होतो, असं खुशालरावांनी सांगितलं. गयासुद्दीन त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि वर्षभराच्या गोळ्या आणल्या.

पण त्या न्यायच्या कशा? बॅग हरवते, पर्स चोरीला जाते. दुकानात बसून विचार करता करता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. रजई कोण चोरणार?

मग त्यांनी मला चौकोनी टाके घालून शिवलं. प्रत्येक चौकोनात कापसाच्या थरामध्ये एका महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं मऊ कापडात गुंडाळून ठेवली आणि चौकोनाचं तोंड लाल दोऱ्याने बंद केलं. टोक ओढलं की दोरा सर्रकन निघून येईल असा तो टाका होता.

नसीमबानो दारात उभी राहून बघत होती. "लेकीले रजई देऊन राहिले का दवाखाना?" तिने विचारलं.

गयासुद्दीन यांनी मान वर केली नाही. "दोन्ही," ते म्हणाले.

नागपूरच्या विमानतळावर एका महिला अधिकाऱ्याने मला दाबून पाहिलं. आत काहीतरी कुरकुर वाजलं, तेव्हा कहकशाँचा चेहरा उतरला. तिने चिठ्ठी दाखवली आणि एक लाल दोरा ओढला. त्या बाईंनी पाकिटं पाहिली, चिठ्ठी वाचली, आणि हे कोणी शिवलं असं विचारलं. अब्बांनी, ते गादीवाले आहेत, कहकशाँ म्हणाली. मग त्या बाईंनी माझी घडी स्वतः घातली. त्यांचं नाव मला माहीत नाही, पण त्या हातांची मला अजून आठवण येते.

ग्लासगोत आल्यावर मला कळलं की अमरावतीची थंडी ही थंडीची नुसती ओळख होती. इथे दुपारीच अंधार पडू लागतो आणि भिंतीसुद्धा ओल्या वाटतात. कहकशाँ मला कानापर्यंत ओढून घ्यायची. दर महिन्याला ती एक दोरा ओढायची, गोळ्या काढायची आणि चौकोन पुन्हा शिवायची. गादीवाल्याची लेक असूनही तिचे टाके वाकडे पडत. अब्बांनी पाहिलं तर दुकानातून हाकलतील, असं ती नईमला हसत सांगायची.

पण चौकोन रिकामे होत गेले तसं तिचं हसू कमी झालं. कामावर जाताना नईम खोलीचा हीटर आठवणीने बंद करी, ते ती बघायची. भाड्याचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. वर्ष संपल्यावर गोळ्यांचे पैसे कुठून येणार, हे विचारायला तिला जमलं नाही. काही माणसांना मागणं जड जातं. ती उपाशी राहतील, पण वाढा म्हणणार नाहीत. कहकशाँ तशी होती.

एके दिवशी तिने ताटलीत गोळी ठेवली आणि सुरीने तिचे दोन तुकडे केले. अर्धी घेतली. अर्धी परत ठेवली.

मी रजई. थंडी अडवू शकते, पण माणसाचा हात धरू शकत नाही.

थोडे दिवस काहीच झालं नाही, म्हणून तिला वाटलं की असंच चालेल. मग एका सकाळी नईम कामावर गेल्यावर ती माझी घडी घालत होती आणि एकाएकी थांबली. तिच्या हातून मी जमिनीवर पडले आणि माझ्यावर ती. तिचं सगळं अंग ताठ झालं, मग झटके येऊ लागले. तिचं डोकं माझ्यावर होतं, फरशीवर नव्हतं, त्यासाठी मी आजही आभार मानते. नंतर ती बराच वेळ तशीच पडून राहिली. जीभ चावली गेली होती. माझ्या जांभळ्या फुलांवर रक्ताचा डाग पडला.

उठता आलं तेव्हा तिने पहिल्यांदा तो डाग पाहिला. नईमला दिसायला नको होता. अंगात त्राण नसताना ती मला कवटाळून खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, जिथे पैसे टाकून मशीनमध्ये कपडे धुतात. आतल्या गोळ्या काढायचंही भान न राहून तिने मशीनचं दार उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवं थांब, मशीनमधी नको टाकू. आत कापूस असंन तं सारे गठ्ठे होतीन."

कहकशाँ दचकून वळली. मागे एक बाई कपड्यांची टोपली घेऊन उभ्या होत्या. परदेशात आल्यापासून असा रोखठोक वऱ्हाडी आवाज तिने फक्त फोनवर ऐकला होता.

"तुमी कुठच्या?"

"मोर्शीची. हर्षा. अन् तू?"

"अमरावती. वलगाव रोड."

"हाव का? मंग तं शेजारीच झालो आपण." असं म्हणत हर्षाताईंनी मला हातात घेतलं आणि त्यांची बोटं थांबली. "हे काय वाजून राह्यलं आतमधी?"

कहकशाँ तिथल्या बाकावर बसली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच सगळं सांगून मोकळी झाली. गोळ्या, दोरे, सुरी आणि ती सकाळसुद्धा. हर्षाताई पुढच्याच रस्त्यावर औषधाच्या दुकानात काम करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अर्धी गोयी काहून घेऊन राहिली तू?"

"पैसे लागतीन म्हणून."

"कोनं सांगतलं?"

"खुशालकाकांनं. त्याइचा पोरगा अमेरिकेत असते."

हर्षाताईंनी कपाळाला हात लावला. "ते अमेरिका होय बाई, हे स्कॉटलंड होय. अथी डॉक्टरनं लिहून देल्लं का दुकानात गोयीचे पैसे घेत नाहीत. मी रोज देतो लोकाइले. व्हिसा काढताना दवाखान्याच्या नावानं मोठी रक्कम भरली असंन ना तुमी?"

भरली होती. नईमची बचत कमी पडली, तेव्हा गयासुद्दीन यांनी पिंजण्याच्या दोन मशीनपैकी एक विकून उरलेले पैसे पाठवले होते. ती व्हिसाचीच फी आहे, असं सगळ्यांना वाटलं होतं.

"तेच ते," हर्षाताई म्हणाल्या. "तुया बापानं गोयीचे पैसे कवाच भरले. अन् तू अर्धी खाऊन राहिली."

कहकशाँने तोंड माझ्यात लपवलं. मी ओली झाले. मशीनची गरज उरली नाही, असं मी गमतीने म्हणते, पण डाग मात्र हर्षाताईंनीच काढला, थंड पाणी आणि साबणाने, हळूहळू चोळून. मग त्या कहकशाँला घरापर्यंत सोडायला आल्या आणि नईम येईपर्यंत बसून राहिल्या.

नईमने बूट न काढताच सगळं ऐकलं. ताटलीवरची पांढरी भुकटी त्याने पाहिली होती आणि त्याला ती साखर वाटली होती. तो रागावला नाही. तुझ्या अब्बांनी अकोल्याला येऊन माझ्या घरच्यांना सगळं सांगितलं, आणि तू माझ्यापासूनच लपवलंस, एवढंच तो म्हणाला. मग त्याने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची रजा घेतली.

डॉक्टरांनी अमरावतीची चिठ्ठी नीट वाचली. तेच औषध इथे दुसऱ्या नावाने मिळतं, ते त्यांनी लिहून दिलं आणि बजावलं की आपल्या मनाने गोळी कमी करायची नाही, तोडायची नाही, बंद करायची नाही. औषधाच्या दुकानात कहकशाँने सवयीने पर्स उघडली. काउंटरपलीकडे हर्षाताई होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, तेव्हा तिने पर्स बंद केली.

त्या संध्याकाळी तिने अमरावतीला फोन केला. फिट आली होती हेही तिने सांगितलं, कारण आता लपवणं संपलं होतं. मग म्हणाली, "अब्बा, इथली गोळी तुम्हीच घेऊन दिली आहे." आणि सगळा हिशेब समजावला. गयासुद्दीन यांनी तो दुसऱ्यांदा सांगायला लावला.

"मग बेटा, रजईतल्या उरलेल्या गोळ्या काढून डब्यात ठेव," ते म्हणाले. "त्यांच्या खाली रुई दबते."

तर अशी माझी गोष्ट. तुमच्या घरातून कोणी रोजचं औषध घेऊन परदेशी निघालं असेल, तर त्याला रजई द्या, तिखट द्या, लोणचं द्या. पण आपण जातोय त्या देशात औषध कसं मिळतं, ते त्याच देशातल्या माणसाला विचारून घ्या. आणि जाणाऱ्याला सांगा की मागायला लाजू नकोस.

कहकशाँने उरलेले सगळे लाल दोरे ओढले, पाकिटं काढली आणि माझे चौकोन शिवले. टाके अजूनही वाकडेच आहेत. माझी रुई हळूहळू फुलून आली आहे. आता ती पूर्ण गोळी घेते, पाणी पिते आणि मला कानापर्यंत ओढून झोपते. माझ्यात आता काहीच ठेवलेलं नाही. मी नुसती रजई आहे, आणि ती उबेत आहे.