यादीत नसलेला नंबर

कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची, आणि त्या गुरुवारी रोहिणीला फक्त झोपायचं होतं. बाकीचे सहा दिवस पहाटे साडेचारला उठायचं, दाजींचं सगळं उरकायचं, सातच्या शिफ्टला धाटावला पोचायचं, आठ तास उभ्यानं गोळ्यांची पाकिटं खोक्यांत भरायची. साडेतीनला रोह्याजवळच्या वरशातल्या घरात पाऊल टाकलं की खांद्यावरची पिशवी उतरायच्या आत हाक यायची, "आवाज वाढव गो."

दाजी म्हणजे तिचा बाप. सगळे दाजी म्हणत म्हणून तीही दाजीच म्हणे. जन्मभर ते पेणच्या खाडीकडच्या मिठागरांवर राबले. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डाव्या हातात तेवढा जीव राहिला. आई त्याआधीच गेलेली. थोरला भाऊ हरेश मस्कतला. बाप पडून पडून कंटाळेल म्हणून त्यानं सुट्टीवर येताना होम थिएटर आणलं. एक काळा, जड रिसीव्हर आणि पाच स्पीकर. नंतर टीव्हीचा स्वतःचा स्पीकर जळाला, तेव्हा मेकॅनिकनं टीव्हीचा आवाज रिसीव्हरवर जोडून दिला. तेव्हापासून रिसीव्हर बंद तर टीव्ही मुका.

हे सगळं चाललं असतं. पण गणपतीच्या आधी दाजींच्या हातून रिसीव्हरचा रिमोट पेजेच्या वाडग्यात पडला आणि मेला. रिसीव्हर ठेवलेला कपाटावर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नसे. मालिकेतली माणसं कुजबुजली की "वाढव गो", जाहिरात गर्जायला लागली की "कमी कर गो". एका तासात दहा वेळा स्टुलावर चढायचं. रात्री अंग टाकलं तरी तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

रोह्यात कुणाला तो रिमोट दुरुस्त करता आला नाही. म्हणून आधीच्या गुरुवारी ती पेणला गेली. कासूला गाडी पाऊण तास क्रॉसिंगला थांबली, तिथं खिडकीला डोकं टेकून तिला डुलकी लागली. पेणच्या दुकानातल्या जगननं तिला युनिव्हर्सल रिमोट दिला, सोबत एक बारीक अक्षरातलं पुस्तक.

"कुठल्यापण कंपनीला चालतो," तो म्हणाला. "पुस्तकात कंपनीचं नाव बघायचं, समोर नंबर असतोय, तो रिमोटात भरायचा. बास."

"आणि नाव नसलं तर?"

"तर मग एकेक नंबर मारत बसायचं, ताई."

नाव नव्हतंच. हरेशनं कुठल्या कंपनीचा आणला होता कोण जाणे. तीन-तीनदा यादी वरून खाली वाचून झाल्यावर, झोपायचं सोडून, या गुरुवारी सकाळी रोहिणी दाजींच्या खाटेशी भिंतीला टेकून बसली आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. 'सेट'चं बटण दाबून धरायचं, लाल दिवा लागला की तीन आकडे मारायचे, रिसीव्हरकडे रोखून पॉवर दाबायचं. रिसीव्हर बंद झाला तर नंबर जुळला. नाहीतर पुढचा.

टीव्हीवर जुना पिक्चर लागला होता. रिसीव्हर ढिम्म. दहा झाले, वीस झाले. चाळिसाव्या नंबरानंतर तिला आकडे दोन-दोन दिसायला लागले.

"नाय जमत?" दाजींनी विचारलं.

"बघते."

"र्‍हाऊंदे. मी आवाज नाय सांगणार."

"आता काय बोलू नकोस दाजी. माझं मोजायचं चुकतं."

तिच्या आवाजाला धार आली आणि तिची तिलाच लाज वाटली.  दाजींची नजर टीव्हीवर नव्हती, कपाटावरच्या रिसीव्हरवर होती.

यादी संपली. दुपारचे बारा वाजत आले होते, भात अजून टाकायचा होता. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणखी एक उपाय दिला होता. 'सेट' आणि पॉवर एकदम दाबायचं, लाल दिवा लागून राहतो. मग नुसतं पॉवर दाबत जायचं. प्रत्येक दाबाला रिमोट आपणच पुढच्या नंबरावर जातो. यंत्र बंद झालं की तिथंच थांबून 'सेट' दाबायचं. एक दाब जास्त पडला तर सगळं पहिल्यापासून. दोनशेच्या वर दाब लागू शकतात.

तिनं ते दाजींना वाचून दाखवलं आणि दाबायला लागली. एक दाब, वर बघायचं, दुसरा दाब, वर बघायचं. साठाच्या आसपास तिची मान छातीवर पडली. दचकून तिनं डोळे उघडले, तेव्हा अंगठा बटणावरच होता.

"दे इकडं," दाजी म्हणाले.

"तुला नाय जमायचं."

"दे. मिठाचं पानी आटायची वाट बघितलीय मी." एवढं बोलायलाच त्यांना तीनदा थांबावं लागलं. "हे काय हाय."

तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. तिनं रिमोट त्यांच्या डाव्या हातात दिला, खाली सतरंजीवर आडवी झाली. पाच मिनिटं पडते आणि भात टाकते, असं ती म्हणाली. निदान तिला म्हटल्यासारखं वाटलं.

जाग आली तेव्हा दाराशी आलेलं ऊन घरात भिंतीपर्यंत पोचलं होतं. घरात शांतता होती. टीव्हीवर माणसं ओठ हलवत होती, आवाज नव्हता. रोहिणीनं खाटेकडे पाहिलं. दाजींचा डावा हात हवेत तसाच धरलेला, डोळे एका जागी लागलेले, कपाळावर घाम.

"दाजी!" ती गुडघ्यांवर धडपडत खाटेशी गेली. "दाजी, गो बाई... दाजी!"

"हलवू नको," दाजी ओठांतल्या ओठांत म्हणाले. "लाल दिवा हाय अजून."

तिनं वर पाहिलं. रिसीव्हर बंद होता. रिमोटचा दिवा जळत होता. दाजींचा अंगठा बटणापासून बोटभर वर होता. चुकून लागू नये म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला होता.

"कधी बंद झाला?"

"मगाशी. पिक्चर संपायच्या आधी."

आता तर दुसराच कार्यक्रम चालू होता. अर्धा तास तरी झाला असणार. "मग मला हाक का नाय मारलीस?"

"झोपलीवतीस."

रोहिणीनं त्यांच्या हाताला आधार देऊन 'सेट' दाबलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. मग तिनं त्यांचा आखडलेला अंगठा चोळला, मनगटापासून खांद्यापर्यंत हात चोळला.  थोड्या वेळानं दाजींनी पॉवर दाबलं. रिसीव्हर सुरू झाला. आवाजाचं बटण दाबलं, पाचही स्पीकर गरजले आणि शेजारच्या गिरजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय गो, आग लागली काय?"

दाजींनी त्यांच्याकडे बघत बघत आवाज कमी केला. अगदी सावकाश, एकेक दाब देत.

भात टाकून आल्यावर रोहिणीनं पुस्तकातली राहिलेली ओळ मोठ्यानं वाचली. सेल काढले तर भरलेला नंबर पुसला जाईल, असं लिहिलं होतं. आणि जुळलेला नंबर कुठला, हे तर रिमोटनं सांगितलंच नव्हतं. तिनं चिकटपट्टी आणून सेलच्या झाकणावर तीन वेढे दिले. सहा महिन्यांनी, फार तर आठ महिन्यांनी सेल संपणारच होते. पुन्हा दोनशे दाब. 

"पुसलं तर पुसलं," दाजी म्हणाले. "मी हाय बसलेला."

कुकरची पहिली शिट्टी झाली. ती उठणार होती, पण भिंतीला टेकून आणखी थोडी बसली. जाहिरात लागली, आणि आवाज आपोआप खाली आला.