कपाटातला गणवेश

इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका घरचे कपडे तिथेच धुऊन घेतात. नियमात बसत नाही, पण रात्रपाळी संपवून घरी पुन्हा बादली भरायची ताकद कुणात उरते? कपडे उशीच्या अभ्र्यात कोंबायचे, गाठ मारायची, रंगीत कपड्यांच्या मशीनपाशी ठेवायचे. सगळ्यांना माहीत असतं.

त्या पहाटे एकीने पोरीचा निळा गणवेश असाच ठेवला. तिची जोडीदारीण पेंगत आली. तिला सगळे भोंगा म्हणतात, आवाजच तसा. भोंग्याला पांढरा अभ्रा दिसला. पांढरं दिसलं की हात आपोआप चादरींच्या मशीनकडे वळतो. उकळतं पाणी, वर ब्लीच. गणवेश बाहेर आला तेव्हा त्यावर पिवळट डागांचे ढग उठले होते.

"फुकटात नक्षी झाली की गं!" भोंगा ओरडली. मग पोरीच्या आईचा चेहरा बघून गप्प झाली. भोंगा गप्प होते म्हणजे बघा.

गणवेश एकच होता. आणि आज पोरीचा गणिताचा पेपर.

"मी साधा शर्ट घालून जाते," घरी पोर म्हणाली.

"गेटावरून हाकलतील. हाच घाल, मी येते सोबत."

"पालकसभेत तूच हात वर केलास ना गणवेशासाठी? भोग आता."

केला होता. गणवेश ठेवायचा की काढायचा, असं शाळेने विचारलं तेव्हा सगळ्यांच्या आधी केला होता. रात्रभर उभं राहून आलेल्या बाईला 'आज काय घालू'चं उत्तर द्यायचं नसतं. शिवाय कुणाची पोर कुठल्या घरातून येते हे कपड्यांवरून कळू नये, असं तिला मनापासून वाटायचं.

गेटावर खेळाचे सर शिट्टी गळ्यात अडकवून उभे. "हा काय अवतार?" म्हणाले आणि दोघींना मोठ्या बाईंपुढे नेऊन उभं केलं.

मोठ्या बाई समजूतदार होत्या. अशा माणसांशी भांडताच येत नाही. "पेपर बुडवायचा नाही हं," म्हणत त्यांनी कपाट उघडलं आणि एक जुना गणवेश काढला. कॉलर वेगळी, पट्टा वेगळा. शाळेने कधीच बंद केलेली शिलाई.

पोर मागे सरकली. "आई, हा नको. हा घातला की वर्षभर 'कपाट' म्हणतात. आमच्या वर्गात एक कपाट आहे आधीच."

आई म्हणाली, "बाई, हिला डागांच्याच गणवेशात बसू द्या. पोरं हसतील आणि विसरतील."

"एकीला सूट दिली की उद्या सगळ्या हव्या त्या कपड्यांत येतील. गणवेशात सगळ्या सारख्या दिसतात, हे सभेत तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. पण हे घालून ही कुणासारखी दिसणार आहे?"

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. घंटा झाली. पोर आईकडे बघत होती. आई काहीतरी बोलेल, कपाट बंद करा म्हणेल, घरी चल म्हणेल, या आशेने.

आईचे पाय सुजले होते. पेपर पुन्हा होणार नव्हता.

"घाल," ती म्हणाली.

नियम असेच टिकतात. बरोबर असतात म्हणून नाही. समोरचा माणूस दमलेला असतो म्हणून.

पोरीने गणवेश घातला आणि मागे न बघता वर्गात गेली. दाराशी कुणीतरी खिदळलं. "ए, दुसरं कपाट आलं!" मग वर्गातल्या बाईंचा आवाज, शांत बसा. आई गेटाजवळच्या बाकावर टेकली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

"आई, ऊठ."

"अं? कसा गेला?"

"सगळा सोडवला."

"कुणी काही बोललं का गं?"

पोरीने दप्तर खांद्यावर सरळ केलं. "तू घरी जाऊन झोप," एवढंच म्हणाली, आणि आईची वाट न बघता पुढे चालू लागली.