आधी दुसरीच्या लग्नात

दिवाळी झाली की ट्रक येणार होता. तांड्यातली माणसं ऊसतोडीला निघणार होती. निता त्या ट्रकात बसणार की शेलूबाजारला शिकायला राहणार, एवढंच ठरायचं होतं.

दहावीत तिचं इंग्रजी तेवढं राहिलं होतं. तोंडी परीक्षेला उभी राहिली आणि ओठच उघडले नाहीत. पहिलीत घरची गोरमाटी बोली सोडून मराठी बोलायला गेली तेव्हा सारा वर्ग हसला होता. त्या हसण्याचं कुसळ घशात रुतलं ते रुतलंच.

शेलूबाजारला शिकवणी घेणाऱ्या मंजुषाबाई तिच्या बापाला, हेमसिंगला म्हणाल्या होत्या, "दादा, दिवाळीपर्यंत पोरगी मले द्या. इंग्रजी बोलली नाही तर खुशाल न्या."

दिवाळीच्या तोंडावर हेमसिंग आणि निताची आई ललिताबाई कोयत्यांना धार लावायला बाजारात आली. जाता जाता बाईंच्या ओसरीशी थांबली. आत निता बोलत होती. मोठ्यानं, न थांबता.

"आक्वो," ती म्हणत होती. "पात्रिनो. दोमो."

हेमसिंगनं कान दिला. "बाई, हे कोन्त्या गावचं इंग्रजी व्हय?"

"इंग्रजी नाही दादा. एस्पेरांतो व्हय."

"कोन्त्या देशाची?"

"कोन्त्याच नाही. डोळ्याच्या एका डॉक्टरनं रचली. थोडे थोडे लोक जगात सगळीकडे बोलतात."

"म्हंजे दवाखान्याची!" हेमसिंग हसला, पण हसू तिथंच विझलं. "ज्या भाषेत बिस्कीटपुडा मिळत नाही, ते शिकवून राह्यल्या माह्या पोरीले? इतके दिवस?"

"पुडा नाही मिळत," मंजुषाबाई हळू म्हणाल्या. "पण यात जसं लिवलं तसंच वाचा लागते. एक नियम शिकला का तो मांगून दगा देत नाही. अन् चुकलं तर हसायले या भाषेचा कोणी घरमालक नाही. मंग इंग्रजीपाशी जाताना भेव कमी वाटते. मी पंधरा दिवसांपासून तेच शिकवून राह्यली."

"निता, ऊठ," हेमसिंग म्हणाला. "चाल घरी."

निता उठली. तिचे ओठ मिटले होते, परीक्षेत मिटले तसे.

तेव्हा ललिताबाई बोलली. कोयते तिनं पायरीवर ठेवले.

"माह्या लग्नाच्या आधी माह्या मायनं मले ढावलो शिकवला. नवरी सासरी निघते तवा रडत गायचा तो. आठोते?"

"त्याचं इथं काय?"

"मले येतच नव्हता. गळा दाटे. मंग म्हातारी मले दुसऱ्या तांड्यात, कोणाच्या तरी पोरीच्या लग्नात घेऊन गेली. म्हने, इथं तुहं कोणी जाऊन नाही राह्यलं. इथं गाय. इथं चुकली तरी चालते." ललिताबाईनं डोळ्याला पदर लावला. "माह्या दिवशी मंग गळा अडकला नाही. पोरीचं आता तेच चालू हाये. आधी दुसरीच्या लग्नात."

रस्त्यावरून रिसोडची एसटी गेली.

हेमसिंग पायरीवर बसला. "बोल मंग इंग्रजी. मले समजत नाही. पण अडकली का नाही, तेवढं समजते."

निता उभी राहिली. पहिलं वाक्य तिनं एस्पेरांतोत म्हटलं, जसं कोणी विहिरीत उतरण्याआधी पायरी चाचपतं. मग तेच इंग्रजीत. आईबद्दल, घराबद्दल, पाण्याबद्दल. मध्येच थांबली. बाप तिच्या गळ्याकडे पाहत होता. तिनं दाराकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. तिनं तेच वाक्य पुन्हा धरलं आणि शेवटपर्यंत नेलं.

हेमसिंगनं कोयते उचलले आणि तो निघाला.

ट्रक आला तेव्हा सगळ्यांच्या वळकट्या चढल्या. नितानंही आपली चढवली, बापाचा शब्द अजून आला नव्हता म्हणून. हेमसिंगनं ती उचलून खाली दिली.

"शेलूबाजारच्या काकीजवळ राह्य," तो म्हणाला. "अन् मार्चच्या परीक्षेमदी तोंड उघड."

ललिताबाईनं लेकीला मिठी मारली आणि ढावलोचा सूर लावला. त्या सुरात नेहमी लेक निघते, माय मागं राहते. आज माय निघाली होती. गाता गाता तिचाच सूर तुटला.

पुढचा सूर नितानं उचलला, आपल्या गोरमाटीत. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिनं तो सोडला नाही. मग पायाशी पडलेली वळकटी तिनं खांद्यावर घेतली.