त्रावेरबाबांचं कोठार

त्रावेरबाबांना सरळ उत्तर द्यायची सवय नाही. आमच्या नॉर्मंडीत ती तशी कुणालाच नाही, पण बाबांचा त्यात हात धरणारं कुणी नाही. अंगणात गाडी उभी करता करता मी विचारते, "काय बाबा, आज काही निघालं का?" त्यावर ते टोपी मागे सारतात, आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "असेलही. नसेलही." याचा अर्थ काहीतरी निघालंय, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

माझा धंदा लढाईच्या काळातल्या सैनिकी सामानाचा. चव्वेचाळीस साली अमेरिकन फौजा आमच्या शेतांत उतरल्या, लढल्या आणि पुढे गेल्या. मागे इतकं सामान पडलं की इथल्या घरांना वर्षानुवर्षं पुरलं. पॅराशूटच्या कापडाचे परकर झाले, धावपट्टीच्या लोखंडी पत्र्यांची कुंपणं झाली, पेट्रोलच्या डब्यांतून गाईंना पाणी गेलं. आता त्याच वस्तू जमवणारे हौशी लोक बेल्जियम-हॉलंडहून येतात आणि एखाद्या गंजक्या बक्कलासाठी जीव टाकतात. त्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या मधे मी. माझ्याकडची वस्तू थेट कोठारातून आलेली, बाजारात फिरलेली नव्हे, एवढीच काय ती माझी पत. विकलेल्या प्रत्येक वस्तूला आतून कुठेतरी गुलाबी नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ठेवते. उगाच उद्या कुणी भलतीच नकली वस्तू आणून "ओदीलबाई, ही तुमचीच" म्हणायला नको.

बाबांकडे मी एक गुरुवार आड जाते. बायको गेली, गाई विकल्या, आता ते आणि कोंबड्या. स्वयंपाकघराला लागूनच कोठार, आणि एका खेपेला त्याच्या माळ्यावरच्या गवतातून एकच वस्तू काढायची हा त्यांचा नियम. आधी कॉफी. मग त्याच गरम कपात काल्वा, म्हणजे आमची सफरचंदाची दारू, जी प्यायली की समोरचा माणूस प्रामाणिक वाटू लागतो. मग घासाघीस. "पोरी, लुटायला आलीस का?" "बाबा, एवढ्या पैशांत मी आख्खा रणगाडा घेईन." मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी पोरच. शेवटी भाव पटला की तळहातावर तळहात आपटून टाळी द्यायची. टाळी पडली की सौदा पुरा, मग बसून राहायचं नसतं. उठायचं आणि निघायचं, हा इथला रिवाज.

एकदा अशाच घासाघिशीत मी म्हणून गेले, "हे बघा, ज्या दिवशी तुमचं कोठार रिकामं होईल ना, त्या दिवसापासून माझी गाडी इकडे वळायची नाही. पेट्रोल काय फुकट मिळतं?" बाबा हसले. मीही हसले.

लढाईला साठ वर्षं झाली त्या वर्षी मे महिन्यात, स्मृतिदिनाच्या आधी, माझं एक जुनं गिऱ्हाईक घरी येऊन बसलं. बेल्जियममधल्या गेंटचे दंतवैद्य, डॉक्टर व्हरहागेन. भला माणूस, पैसे रोख देतो. पण समारंभासाठी आख्खा अमेरिकन गणवेश चढवून आलेला, आणि त्या गणवेशाची बटणं पोटापाशी जिवाच्या आकांतानं धरून बसलेली. म्हणाले, "बाई, आजवर तुमच्याकडून पुष्कळ घेतलं. आता एक वस्तू गवतातून निघताना मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीय. तुमचं ते कोठार दाखवाच."

नाही कसं म्हणणार? पतच त्यावर उभी. घेऊन गेले मी त्यांना, ते आपल्या गाडीतून माझ्या मागोमाग.

बाबांनी डॉक्टरांना खालून वर पाहिलं. "काय पोरी, हे परत आले? लढाई संपली हे कुणी सांगितलं नाही वाटतं यांना." डॉक्टरांना ते फार आवडलं. कॉफी झाली, काल्वा झाली, आणि बाबा कण्हत-कुथत शिडीवरून माळ्यावर गेले. बराच वेळ वर नुसती खसफस चालली होती. मग ते उतरले ते हातात ॲल्युमिनियमची एक पाण्याची बाटली घेऊन. कापडी खोळ, साखळीला लटकलेलं झाकण, वर कोळ्याचं जाळं.

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली. "साठ वर्षांची धूळ!" ते पुटपुटले.

मी ती धूळ बोटावर घेतली. पीठ होतं, गव्हाचं. मनात म्हटलं, म्हातारा नटवतोय होय माल! नटवू दे. कोण नटवत नाही? मी झाकण फिरवलं आणि आत बघितलं.

झाकणाच्या आतल्या कडेला गुलाबी ठिपका होता.

मग वासही आला, काल्वाचा. ही बाटली तीन हिवाळ्यांपूर्वी मी याच कोठारातून घेतली होती आणि वास जाईना म्हणून जवळच्या वालोन्य गावच्या बाजारातल्या एका दुकानदाराला विकून टाकली होती. माझे कान तापले. बोलले तर बाबा खोटे पडणार, गप्प बसले तर मी. बाबांनी माझ्याकडे बघणं टाळलं आणि शेगडीतली लाकडं उगाच पुढेमागे केली.

डॉक्टरांचं पाकीट बाहेर आलंसुद्धा होतं. "किती?"

"ही नाही मिळायची," मी म्हणाले. "ही आधीच विकली गेलीय."

"कुणाला?"

"मला."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. डॉक्टर हिरमुसले, पण बाटलीसकट बाबांबरोबर फोटो काढून घेतला, बाबांनी फोटोत त्यांना कडक सलाम ठोकला, आणि स्वारी खूश होऊन आपल्या गाडीनं पुढच्या गावी गेली. मी दार लावून घेतलं.

"केवढ्याला आणलीत?"

"काय?"

"ही बाटली. वालोन्यच्या बाजारातून."

"आणली असेलही..."

"नसेलही म्हणालात तर हीच डोक्यात घालीन."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "साठ युरोला."

"अहो, मी तुम्हाला चाळीस देणार होते!"

"मी पंचेचाळीसवर अडून बसणार होतो."

"आणि मागच्या खेपेचं होकायंत्र?"

"तेही बाजारातलं."

"त्याच्या आधीचा चमचा?"

"चमचा आमचा. घरचा."

"बाबा."

"बरं, चमचाही बाजारातला."

मला इतका राग आला की बसवेना. त्या वस्तू मी डॉक्टरांना कोठारातल्या म्हणून विकल्या होत्या. "कोठार रिकामं झालं, मग सांगायचं ना मला सरळ!"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

आले असते म्हणायला तोंड उघडलं, पण पेट्रोलची गोष्ट माझ्याच तोंडची होती.

बाबा हळूच म्हणाले, "एक गुरुवार आड मी दाढी करतो, पोरी. एरवी कुणासाठी करायची?"

तेव्हा पाहिलं मी. हनुवटीवर वस्तरा लागल्याची ताजी रेघ होती, शर्टाला इस्त्री होती, टेबलावर फुलाफुलांचे कप होते. इतकी वर्षं मी येत होते आणि माझी नजर काय ती माळ्यावर. मला माझीच लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली. मग जे येतं तेच केलं. बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि नाक मुरडलं.

"पंचेचाळीस? या पोचे पडलेल्या भांड्याचे? जमायचं नाही. ठेवा वर गवतात. पुढच्या खेपेला बघू."

बाबांना कळायला जरा वेळ लागला. मग ते शिडीकडे निघाले, आणि या वेळी चढताना कण्हले नाहीत.

डॉक्टरांना फोन करून मी सगळं खरं सांगितलं. होकायंत्र त्यांनी परत पाठवलं. चमचा ठेवून घेतला, म्हणे रोज कॉफी ढवळायची सवय झालीय.

तेव्हापासून ती बाटली गुरुवारी खाली येते आणि गुरुवारीच वर जाते. बाबा भाव वाढवतात, मी पाडते, ते माझ्या धंद्याचा उद्धार करतात आणि मी त्यांच्या बाटलीचा. मागच्या गुरुवारी काल्वा जरा जास्तच झाली होती. मी त्यांना खिजवायला म्हटलं, "बरं, घ्या सत्तर, एकदाचे सुटा." आणि बाबांनी सवयीनं, टाळीसाठी, हात पुढे केला.

मी दोन्ही हात कपाभोवती गच्च धरून ठेवले.

"नको बाबा," मी म्हणाले, "सत्तर फार होतात."

बाबांनी पुढे केलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. तो हळूच मागे घेतला आणि त्याच हातानं माझा कप पुन्हा भरला.

"होत असतीलही," ते म्हणाले.