आग सांडणारी झारी

मी झारी बोलतेय. पण माझ्यापाशी फुलझाडं आणू नका, कारण माझ्या तोंडातून पाणी नाही, आग पडते. पोटात डिझेल आणि थोडं पेट्रोल, नळीच्या टोकाला कापडाची वात. वात पेटवायची, मला तिरकं धरायचं आणि गवताच्या कडेनं चालत सुटायचं. मागे पेटत्या थेंबांची ओळ राहते आणि गवत धरतं. पोट गार आणि तोंड भाजतंय, असा हा जन्म. त्यामुळे असेल, मला फारसं काही वाटत नाही. जे झालं ते सांगते, एवढंच.

किटवे या खाणींच्या शहरातल्या एका लोहारानं खाणीतल्या भंगारातून मला बनवलं. घ्यायला आली ती कलुबा न्सोफ्वा. नुकतीच बाहेर शिकून परतलेली, झाडांचं शास्त्र शिकवणारी तरुण बाई. मला उलटीपालटी करून तिनं विचारलं, "गळत नाही ना?"

"बाई, गळण्यासाठीच तर केलीय," लोहार म्हणाला.

तिथून ती मला उत्तरेच्या पठारावर मुकुंबी गावी घेऊन गेली. गावाबाहेरच्या रानात तिनं अभ्यासाची परवानगी काढून तीन तुकडे आखले होते. पहिला तुकडा दरवर्षी मे महिन्यात जाळायचा, गवत अर्धं हिरवं असताना. दुसरा ऑक्टोबरात, सगळं कडकडीत वाळल्यावर. तिसरा कधीच नाही. पहिल्या दोहोंत माझं काम. तिसऱ्याच्या आसपास मला फिरकूही द्यायचे नाहीत. त्याच्या चारी बाजूंनी जमीन खरवडून रुंद पट्टा ठेवलेला होता, आग आलीच तर तिथे थांबावी म्हणून. पट्टा साफ ठेवायचं काम कपेम्ब्वाचं. तो गावचाच, आणि पहिल्या दिवसापासून कलुबाच्या सोबतीला.

त्या काळी सरकारी कायदा होता की रानात आग लावायचीच नाही. गावकरी लवकरची आग लावत आले होते पिढ्यान्‌पिढ्या. आता ते पकडले जायचे, दंड भरायचे. मग गवत साठत जायचं आणि ऑक्टोबरात कुठूनतरी ठिणगी पडली की रान झाडांसकट जायचं. कलुबाचं म्हणणं साधं होतं. आग बंद करू नका, वेळेवर लावा. पण नुसतं म्हणून कोण ऐकतं? तीन तुकडे शेजारी शेजारी उभे करून दाखवायला हवेत, आणि झाडं काय महिन्यात वाढतात?

गावात तिला सगळ्यात जास्त छळलं ते बेसाच्या आईनं. बेसाची आई पावसाच्या कुळातली, कलुबा आळंबीच्या. पाऊस पडला नाही तर आळंबी उगवायची कुठून? म्हणून पावसाच्या कुळानं आळंबीला वाट्टेल ते बोलावं, आळंबीनं उलट बोलावं, आणि कुणी राग धरू नये, अशी इकडची रीत.

"अगं आळंबे," बेसाची आई पट्ट्यापाशी उभी राहून ओरडायची, "तिथे आत सुरवंट लटकलेत बघ, बोटाएवढे, भाजून खायला! आणि तू राखत बसलीस. मेल्यावर बरोबर नेणार का?"

"तुला पोचवायला येईन तेव्हा आणीन शिदोरी म्हणून."

"काडी तरी वेचू दे, चिकटे!"

"एक नाही."

आणि खरंच एक नाही. स्वतःच्या चुलीलासुद्धा तिनं त्या तुकड्यातलं लाकूड कधी घेतलं नाही.

वर्षं गेली. दुसऱ्या तुकड्यात माझ्या आगीनं झाडांची झुडपं झाली. पहिल्यात झाडं धरून राहिली, सुरवंटही दरवर्षी आले. आणि तिसऱ्यात दाट सावली झाली, गवत विरलं, कुणी पाहिली नव्हती अशी रोपं वर आली, आणि जमिनीवर पाचोळा आणि मोडक्या फांद्यांचा गुडघाभर थर साठला. कलुबानं हे राजधानीत, लुसाकाच्या सभेत मांडलं तेव्हा वनखात्याचे एक साहेब झारीतले शुक्राचार्य होऊन बसले. म्हणाले, बाई आम्हाला आग लावायला शिकवतात! सगळे हसले. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. शेवटी साहेब निवृत्त झाले, कायदा बदलला. टांझानियाचे लोक आले, मोझांबिकचे आले, दूरदेशीचे म्हातारे प्राध्यापक आले. पहिले दोन तुकडे ते उभ्या उभ्या बघायचे, आणि तिसऱ्यातून त्यांचा पाय निघायचा नाही. असा न जळलेला तुकडा दुसरीकडे कुठे उरला नव्हता. तिचे विद्यार्थी आता देशोदेशी मे महिन्यात आग लावतात. त्यांच्या झाऱ्या नव्या, लाल रंगाच्या. माझा एव्हाना सांधा गळायला लागला होता, तरी कलुबा मलाच घ्यायची. मी टेंभा मिरवत नाही, पण तिच्या हाताला माझीच मूठ ठाऊक होती.

मग तो कोरडा ऑक्टोबर आला. गावानं नव्या शेतांसाठी झाडांच्या फांद्या छाटून ढीग घातले होते. पहिल्या पावसाच्या तोंडाशी ते ढीग जाळायचे आणि त्या राखेत नाचणी पेरायची. ढीग आधी जळले तर राख वाऱ्यावर जाते आणि वर्षाचं अन्न गेलं. एका दुपारी खालच्या खोऱ्यातून आग वर आली. वारा तिच्या पाठीशी होता. आग आणि ढिगांच्या मध्ये एकच गोष्ट होती, तिसरा तुकडा. ढिगांना लागून घरांची गवताची छपरं.

"पट्टा थांबवेल बाई," कपेम्ब्वा म्हणाला. "दर खेपेला थांबवलीय."

"नाही थांबवली तर?"

त्यालाही कळत होतं. तिसरा तुकडा समोरून पेटला, वाऱ्यासकट, तर तेवढ्या वर्षांचा पाचोळा ज्या ठिणग्या उडवील त्या ढिगांवर आणि छपरांवर पडतील. तोच आत्ता गावाकडच्या बाजूनं पेटवला, तर आग वाऱ्याच्या विरुद्ध सावकाश सरकेल, आणि मोठी आग येईल तेव्हा तिला खायला काही उरणार नाही. न जळलेल्या रानात आग कशी चालते, हे साऱ्या जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावकरी ओल्या फांद्या घेऊन उभे होते. तुकडा पेटव असं कुणी तिला म्हटलं नाही. बेसाची आईसुद्धा त्यांच्यात होती.

"झारी," कलुबा म्हणाली.

कपेम्ब्वानं मला तिच्या हातात दिलं. वात तिनंच पेटवली. पट्ट्याच्या कडेनं ती चालली, नेहमीच्या चालीनं, ना हळू ना भरभर. मी थेंब टाकत गेले. पाचोळ्यानं लगेच धरलं. मला काही वाटलं नाही. मी नळी होते आणि तेल खाली येत होतं.

ढीग वाचले, घरं वाचली. तिसऱ्या तुकड्यात काळी खोडं उरली.

कलुबा रानाकडेच्या आपल्या तंबूसमोर बसून राहिली. कपेम्ब्वा घट्ट शिजवलेल्या पिठाची उब्वाली करून समोर ठेवायचा, ती दोन घास खायची, हात धुवायची. बाहेरदेशाहून फोन यायचे, ती घ्यायची नाही. रडली नाही. मी तिच्या पायाशी पडून होते, काजळी पुसायचंही कुणाच्या मनात आलं नाही. आम्ही दोघी सारख्याच झालो होतो.

मग एका सकाळी वाटेवरून रडण्याचा आवाज आला. मयताच्या घरात शिरताना बायका गळा काढतात तसा. सगळं गाव येत होतं, डोक्यावर पीठ, सरपण, चटया. त्यांनी अंगणात चटया पसरल्या आणि चूल पेटवली. इकडे मयताला बसायला येतात ते असेच. आणि रडणाऱ्यांची टर उडवायला थट्टेचं कूळ लागतं, त्याशिवाय मयत पुरं होत नाही. बेसाची आई थेट कलुबासमोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"काय गं आळंबे! एवढी वर्षं काडी वेचू दिली नाहीस, आणि शेवटी स्वतःच फुंकून टाकलंस? अक्कल म्हणतात ती हीच का?"

कलुबानं वर पाहिलं. आधी तिला हसू फुटलं, मग त्या हसण्यातूनच ती ओक्साबोक्शी रडायला लागली. बेसाची आई तिला थोपटत राहिली आणि शिव्या देत राहिली. लोक तीन रात्री तिथेच झोपले.

पुढच्या मे महिन्यात पहिला तुकडा जाळून झाल्यावर कपेम्ब्वा मला घेऊन तिसऱ्याच्या कडेला गेला. एकदा जळलाच आहे, आता यालाही दरवर्षीच्या रांगेत घ्यायचं, असं त्याला वाटलं. बुंध्यांतून लाल कोवळी पानं फुटली होती. कलुबानं माझ्या वातीवर मूठ दाबून ती विझवली.

"इथे नाही," ती म्हणाली.

"पण बाई, सावली धरायला तीस वर्षं..."

"मला ठाऊक आहे किती लागतात ते."

तिचे केस तेव्हा पांढरे झाले होते. तो तुकडा दाट झालेला तिला दिसणार नाही, हे तिथे उभ्या सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. त्याला काय म्हणतात ते मला येत नाही.

आता मी कपेम्ब्वाच्या खोपटात खिळ्याला टांगलेली आहे. सांधा पार गेलाय, पण डाग दिला तर अजून चालेन. तुमच्यापैकी कुणी मला उचललंत तर मे महिन्यात उचला. पहिल्या तुकड्याकडे मला तिसऱ्याच्या कडेकडेनं नेऊ नका, मी गळते. लांबची वाट घ्या.